एक, एकशे एक्केचाळीस, एक

व्यावसायिक टेनिसमधील जागतिक क्रमवारी खेळाडूच्या कीर्तीची नोंद ठेवत नाही. मागील ५२ आठवड्यांत त्याने कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत कोणत्या फेरीपर्यंत मजल मारली एवढेच ती मोजते, आणि नव्या आठवड्याचे गुण जमा होताना वर्षापूर्वीच्या त्याच आठवड्याचे गुण वजा होत जातात. त्यामुळे एखादा विजेता खेळणे कमी करतो किंवा पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद होऊ लागतो, तेव्हा त्याची पूर्वपुण्याई त्याला फार तर वर्षभर पुरते. अमेरिकेचा आंद्रे आगासी १० एप्रिल १९९५ रोजी या क्रमवारीत प्रथमच अव्वल स्थानी पोहोचला, १० नोव्हेंबर १९९७ रोजी त्याचे नाव १४१व्या क्रमांकावर होते, आणि ५ जुलै १९९९ रोजी ते पुन्हा सर्वांत वर आले. सव्वाचार वर्षांच्या या चढउताराला टेनिसच्या इतिहासात फारशी तोड नाही, आणि त्याहूनही दुर्मीळ गोष्ट ही की ज्याने तो अनुभवला त्याने तो आपल्या चुकांसकट, काहीशा निर्दयपणे, लिहूनही ठेवला.

टेनिसमधील पुनरागमने सहसा एखाद्या स्पष्ट खंडानंतर घडतात. मोनिका सेलेसवर एप्रिल १९९३ मध्ये हॅम्बर्ग येथे सामना चालू असताना चाकूहल्ला झाला आणि ती ऑगस्ट १९९५ मध्ये परतली. बेल्जियमच्या किम क्लायस्टर्सने २००७ मध्ये निवृत्ती घेतली, तिला मूल झाले, आणि २००९ मध्ये तिने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. अशा प्रसंगी ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या मधली भिंत सर्वांना दिसते. आगासीची घसरण या प्रकारात बसत नाही, कारण तो खेळत असतानाच, डोळ्यांत भरणारे एखादे कारण नसताना खाली आला. असे खेळाडू सहसा परतत नाहीत. म्हणूनच त्याच्या परतण्याची कथा एका बिघडलेल्या तरुणाच्या स्वभावपरिवर्तनाची कथा म्हणून सांगण्याचा प्रघात पडला. ती तशी आहेही. परंतु त्या सांगण्यात एक गोष्ट निसटते, ती म्हणजे त्याच्या खेळाचा जो गाभा बालपणी, त्याच्या इच्छेविरुद्ध, घडवला गेला होता तो या सर्व काळात जवळपास जसाच्या तसा राहिला, आणि बदलले ते त्याच्या भोवतीचे सर्व काही.

आगासीचे वडील एमॅन्युएल, ज्यांना अमेरिकेत माइक म्हणून ओळखले जाई, हे आर्मेनियन आणि असिरियन वंशाचे, इराणमध्ये वाढलेले मुष्टियोद्धे होते आणि त्यांनी १९४८च्या लंडन व १९५२च्या हेलसिंकी अशा दोन ऑलिम्पिक स्पर्धांत इराणचे प्रतिनिधित्व केले. (मराठी वाचकाला हेलसिंकीचे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते: कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी त्याच स्पर्धेत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. या दोन धाग्यांची गाठ पुढे एका अनपेक्षित ठिकाणी पडते.) अमेरिकेत स्थलांतर केल्यानंतर माइक आगासी लास व्हेगासमधील कॅसिनोंत नोकरी करीत आणि उरलेला सर्व वेळ आपल्या चार मुलांपैकी एकाला तरी टेनिसचा जगज्जेता करण्याच्या ध्यासात घालवीत. आंद्रे हे त्यांतले शेंडेफळ; त्याचा जन्म २९ एप्रिल १९७० रोजी झाला.

घरामागे वडिलांनी टेनिसचे मैदान बांधले आणि चेंडू फेकणारे एक यंत्र स्वतः फेरफार करून जास्त वेगवान केले. सात वर्षांचा आंद्रे त्याला ‘ड्रॅगन’ म्हणत असे. दिवसाला २,५०० चेंडू मारायचे, म्हणजे आठवड्याला १७,५०० आणि वर्षाला सुमारे दहा लाख, आणि वर्षाला दहा लाख चेंडू मारणाऱ्या मुलाला कोणी हरवू शकणार नाही, असा वडिलांचा हिशेब होता. हा हिशेब ऐकताना त्यातील क्रौर्य आधी जाणवते आणि ते जाणवलेही पाहिजे. पण त्या यंत्राची रचनाही लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ते उंच बैठकीवर बसवलेले असल्यामुळे चेंडू वरून तीव्र उतारात येई आणि टप्पा पडताच लहान मुलाच्या डोक्यावरून उसळून जाई. तो परतवायचा तर एकच मार्ग होता: पुढे सरकून, टप्पा पडल्यापडल्या, चेंडू वर येत असतानाच त्याला गाठणे.

टेनिसमध्ये बहुतेक खेळाडू चेंडू टप्पा घेऊन वर जाऊन पुन्हा खाली येऊ लागेपर्यंत थांबतात, कारण त्या क्षणी त्याचा वेग कमी झालेला असतो आणि अंदाज घेणे सोपे जाते. वर चढता चेंडू मारणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही, परंतु प्रतिस्पर्ध्यालाही तो मिळत नाही. शिवाय चेंडूचा मूळ वेग त्यात शिल्लक असल्याने हाताने फार जोर लावावा लागत नाही, केवळ रॅकेटचा कोन आणि क्षण अचूक साधावा लागतो. प्रौढ आगासीचा सर्व खेळ याच एका सवयीवर उभा होता. मैदानाच्या मागच्या रेषेवर, म्हणजे बेसलाइनवर किंवा तिच्याही आत पाय रोवून उभे राहायचे, रॅकेट फार मागे न नेता आखूड फटक्याने चेंडू परतवायचा आणि प्रतिस्पर्ध्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत ठेवायचे, ही त्याची पद्धत होती. ताशी २०० किलोमीटर वेगाची सर्व्हिस साधारण अर्ध्या सेकंदात समोरच्या टोकाला पोहोचते, आणि तिच्यावर प्रतिहल्ला चढवणाऱ्या खेळाडूंत आगासीचे नाव आजही सर्वांत वर घेतले जाते.

वयाच्या तेराव्या वर्षी त्याला फ्लोरिडातील ब्रॅडेन्टन येथे निक बोलेटिएरी यांच्या अकादमीत पाठवण्यात आले. मुलांना वसतिगृहात ठेवून पूर्णवेळ टेनिस शिकवण्याचा जो प्रकार आज जगभर रूढ आहे, त्याच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी ही एक संस्था. बोलेटिएरी स्वतः मोठे खेळाडू नव्हते; ते अमेरिकी सैन्याच्या छत्रीधारी दलात काम केलेले गृहस्थ होते आणि शिस्तीवर त्यांचा भर असे, तरी या मुलाचा खेळ पाहिल्यावर त्यांनी त्याचे शुल्क माफ केले. आगासीचे शालेय शिक्षण नववीच्या आसपास सुटले, केस वाढले, कानात डूल आला, आणि १९८६ मध्ये सोळाव्या वर्षी तो व्यावसायिक खेळाडू झाला.

यश वेगाने आले. १९८७ अखेरीस ब्राझीलमधील इटापारिका येथे पहिले विजेतेपद, १९८८ मध्ये आणखी सहा विजेतेपदे, त्याच वर्षी फ्रेंच आणि अमेरिकन खुल्या स्पर्धांची उपांत्य फेरी, आणि वर्षअखेर क्रमवारीत तिसरे स्थान. अठराव्या वर्षी एवढे कमावलेला मुलगा जाहिरातदारांच्या दृष्टीने सोन्याची खाण होता. डेनिमची अर्धी विजार, भडक रंगांचे सदरे आणि पाठीवर रुळणारे केस हा त्याचा वेष दुकानांत विकला जाऊ लागला. कॅनन कंपनीच्या कॅमेऱ्याच्या एका जाहिरातीत प्रतिमा हेच सर्वस्व अशा अर्थाचे घोषवाक्य त्याच्या तोंडी घालण्यात आले आणि पुढे कित्येक वर्षे ते त्याच्याविरुद्धच वापरले गेले. त्याला कारणही होते. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार मोठ्या स्पर्धांना ग्रँड स्लॅम म्हणतात आणि खेळाडूची थोरवी शेवटी त्यांवरच ठरते. आगासी त्यांपैकी विम्बल्डनला १९८८ ते १९९० अशी तीन वर्षे गेला नाही आणि ऑस्ट्रेलियात तर १९९५ पर्यंत त्याने पाऊलही ठेवले नाही. याच काळात त्याच्याच पिढीतील अमेरिकन मुले पुढे निघून गेली: मायकेल चँगने १९८९ मध्ये सतराव्या वर्षी पॅरिसची फ्रेंच स्पर्धा जिंकली, पीट सँप्रसने १९९० मध्ये अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम फेरीत आगासीलाच हरवले, आणि अकादमीतील त्याचा जुना सोबती जिम कुरिअर याने १९९१ मध्ये पॅरिसच्या अंतिम फेरीत त्याला पाच सेटमध्ये नमवले.

त्याआधीच्या वर्षी, १९९० मध्ये, पॅरिसच्याच अंतिम फेरीत तो इक्वेडोरच्या तिशीतल्या आंद्रेस गोमेझकडून हरला होता. त्या पराभवाविषयी आगासीने पुढे जे उघड केले ते हास्यास्पद आणि करुण दोन्ही आहे. त्याचे केस तोवर गळू लागले होते, जगाला दिसणारा केशसंभार हा टोप होता, अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री तो सुटू लागला म्हणून पिनांनी कसाबसा सांधण्यात आला, आणि सामनाभर विजेतेपदापेक्षा तो डोक्यावरून पडू नये हीच चिंता त्याला लागून राहिली. जाहिरातीतल्या त्या घोषवाक्याची याहून कडवट तळटीप कोणाला सुचली नसती.

१९९२ चे विम्बल्डन त्याने जिंकले, हे सर्वांनाच चकित करणारे होते. हिरवळीवर चेंडू टप्प्यानंतर खाली राहून घसरत पुढे जातो, त्यामुळे तेथे जोरकस सर्व्हिस करून जाळ्याकडे धावणाऱ्यांची सद्दी असे, आणि बेसलाइनवरून खेळणाऱ्या बाराव्या मानांकित आगासीला कोणी विजेता मानत नव्हते. अंतिम फेरीत समोर गोरान इव्हानिसेविच होता, ज्याने त्या स्पर्धेत २००हून अधिक बिनतोड सर्व्हिस, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटचा स्पर्शही न होणाऱ्या सर्व्हिस, मारल्या होत्या. आगासीने सामना ६-७, ६-४, ६-४, १-६, ६-४ असा जिंकला. विजयानंतर त्याने वडिलांना दूरध्वनी केला तेव्हा चौथा सेट हरण्याचे काही कारणच नव्हते, असे त्यांनी ऐकवले. मागाहून त्यांचा आवाज भरून आला, हेही त्याने नोंदवले आहे.

पुढच्याच वर्षी मनगटाचे दुखणे, बोलेटिएरींशी झालेली फारकत आणि वर्षअखेरची शस्त्रक्रिया यांमुळे तो मागे पडला. ही पहिली, छोटी घसरण. तिच्यातून त्याला बाहेर काढणारा ब्रॅड गिल्बर्ट हा स्वतः क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत गेलेला खेळाडू होता, आणि तेही अंगात एकही देखणा फटका नसताना, केवळ समोरच्याची दुबळी बाजू हेरून. त्याने आगासीला जे सांगितले त्याचा मथितार्थ असा की प्रत्येक चेंडूवर अप्रतिम फटका मारण्याची गरज नसते, त्या दिवशी जाळ्यापलीकडे जो एक माणूस उभा आहे त्याच्यापेक्षा थोडे बरे खेळले की पुरते. दहा लाख चेंडूंच्या शाळेत ही गोष्ट कोणी शिकवली नव्हती. तेथे निर्दोष असणे हीच किमान अट होती. १९९४ मध्ये आगासीने बिगरमानांकित असताना, म्हणजे आयोजकांनी आघाडीच्या खेळाडूंना स्पर्धेआधी दिलेल्या क्रमांकांत नाव नसताना, अमेरिकन स्पर्धा जिंकली. १९६६ मध्ये फ्रेड स्टोलने केल्यानंतर हे कोणाला जमले नव्हते. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलिया आणि एप्रिलमध्ये पहिला क्रमांक आला.

१९९५च्या उन्हाळ्यात सलग २६ सामने जिंकल्यानंतर सत्ताविसावा, म्हणजे अमेरिकन स्पर्धेची अंतिम फेरी, तो सँप्रसकडून हरला, आणि त्याच्या मते खरी घसरण तेथे सुरू झाली. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक हा या उतारावरचा अपवाद. उपांत्य फेरीत त्याने भारताच्या लिअँडर पेसला ७-६, ६-३ असे हरवले आणि अंतिम फेरीत स्पेनच्या सर्गी ब्रुगेराचा धुव्वा उडवला. पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट गमावूनही कांस्यपदक पटकावले, आणि ते खाशाबांच्या १९५२च्या पदकानंतर भारताला मिळालेले पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. माइक आगासी हेलसिंकीहून रिकाम्या हाताने परतले होते. अटलांटात त्यांच्या मुलाने सुवर्ण घेतले आणि त्याच्याकडून हरलेल्या पेसने भारताची ४४ वर्षांची प्रतीक्षा संपवली.

१९९७ मध्ये त्याने वर्षभरात फक्त २४ सामने खेळले, त्यांपैकी निम्मे गमावले, चार ग्रँड स्लॅमपैकी तीन टाळल्या. त्याच वर्षी अभिनेत्री ब्रुक शील्ड्सशी त्याचा विवाह झाला, जो दोन वर्षांत संपुष्टात आला. आणि त्याच वर्षी त्याने क्रिस्टल मेथ, म्हणजे मेथँफेटामिन हे मेंदूला तीव्र उत्तेजना देणारे व्यसनकारक रसायन घेतले, व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेच्या चाचणीत ते आढळले, आणि आपण मदतनिसाचे पेय चुकून प्यायलो असे खोटे पत्र लिहून त्याने सुटका करून घेतली. हे रसायन खेळातील कामगिरी वाढवण्यासाठी नव्हे, तर नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या पदार्थांच्या गटात मोडत असल्याने शिक्षा तीन महिन्यांच्या बंदीची झाली असती. संघटनेने पत्रावर विश्वास ठेवला आणि प्रकरण गुपचूप मिटले. हे सर्व जगाला कळले ते बारा वर्षांनी, त्याच्याच लेखणीतून. टेनिसपटू मरात साफिनने आगासीने किताब परत करावेत अशी मागणी केली, मार्टिना नवरातिलोवालाही धक्का बसला.

या प्रकरणाकडे कबुलीच्या धैर्याचे उदाहरण म्हणून पाहण्याची सवय लागली आहे, आणि ती थोडी सैल केली पाहिजे. तीन महिन्यांची बंदी सोसून खेळाडू परत येऊ शकतो. परंतु बंदीबरोबर जी जाहीर नामुष्की आली असती, जे पुरस्कर्ते निघून गेले असते आणि ज्या संशयाने पुढचा प्रत्येक विजय पाहिला गेला असता, त्या सर्वांतून १९९८ आणि १९९९ तसेच घडले असते असे म्हणता येत नाही. त्या पुनरागमनाच्या पायात एक खोटे पत्र चिणलेले आहे. कबुली अशा वेळी दिली गेली, जेव्हा खेळाडू म्हणून गमावण्यासारखे काही उरले नव्हते आणि जागतिक उत्तेजकविरोधी संहितेतील कारवाईची तेव्हाची आठ वर्षांची मुदतही उलटून गेली होती. अर्थात ती दिली नसती तर कोणालाच काही कळले नसते, हेही तितकेच खरे.

परतीची वाट चॅलेंजर स्पर्धांतून गेली. मुख्य दौऱ्याच्या खालचा हा स्तर होतकरू आणि धडपडणाऱ्या खेळाडूंसाठी असतो. बक्षिसे तुटपुंजी, प्रेक्षक मोजके, गुणफलकावरचे आकडे हाताने बदलायचे. तोवर तीन ग्रँड स्लॅम जिंकलेला आगासी नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच गावी, लास व्हेगासला, अशा स्पर्धेत उतरला आणि अंतिम फेरीत जर्मनीच्या ख्रिस्टियन विंककडून हरला. पुढच्या आठवड्यात बरबँक येथे तो जिंकला. यातील अपमानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, पण गुणांच्या हिशेबात पाहिले तर निर्णय शहाणपणाचा होता: मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद होण्यापेक्षा लहान स्पर्धेत आठवड्याला चार-पाच सामने खेळायला मिळणे हे लय हरवलेल्या खेळाडूला अधिक उपयोगाचे असते.

दुसरा आणि अधिक दूरगामी बदल शरीराचा होता. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास शाखेत खेळाडूंना बळकट करण्याचे काम करणारे गिल रेयेस १९८९-९० पासून त्याच्या सोबत होते. त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये व्यायामाची यंत्रे स्वतः घडवली होती, कारण बाजारातली यंत्रे टेनिसपटूच्या सांध्यांना अपाय करतात असे त्यांचे मत होते. १९९८च्या तयारीत टेकडीवर चढण धावणे, पाय आणि कंबर मजबूत करणे यांवर भर दिला गेला. त्यामागचा तर्क साधा होता. चेंडू लवकर मारणाऱ्याला चेंडूपाशी लवकर पोहोचावेही लागते. हात वयाच्या सातव्या वर्षापासून तयार होते, त्या हातांना वेळेवर जागेवर नेणारे पाय आता, अठ्ठाविसाव्या वर्षी, तयार होत होते. १९९८ मध्ये त्याने पाच स्पर्धा जिंकल्या आणि शंभराच्या बाहेरून निघून वर्षअखेर सहावे स्थान गाठले. एका वर्षात एवढी मोठी उडी घेऊन पहिल्या दहांत कोणी आले नव्हते.

१९९९च्या पॅरिसबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. खांद्याच्या दुखापतीमुळे आगासी ही स्पर्धा सोडण्याच्या बेतात होता. तेराव्या मानांकनासह तो उतरला आणि चौथ्या फेरीत गतविजेत्या कार्लोस मोयाविरुद्ध पिछाडीवरून जिंकला. अंतिम फेरीत समोर क्रमवारीत शंभराव्या स्थानावर असलेला युक्रेनचा आंद्रेई मेदवेदेव होता. काही आठवड्यांपूर्वीच, माँटे कार्लोमध्ये, हाच मेदवेदेव खेळ सोडण्याची भाषा करीत असता आगासीने त्याला समजावून पुन्हा उभे केले होते! सामन्याच्या आरंभी आगासीचे पाय जणू बांधलेले होते. पहिला सेट १-६ असा गेला, पावसाने खेळ थांबवला, विश्रांतीकक्षात गिल्बर्टने त्याला कडक शब्दांत सुनावले, तरी दुसरा सेटही २-६ असा गेला. तिसऱ्या सेटमध्ये ४-४ अशी बरोबरी असताना स्वतःच्या सर्व्हिसवर त्याने लागोपाठ दुहेरी चुका केल्या, म्हणजे दोन्ही संधींत चेंडू चौकटीत टाकता आला नाही, आणि मेदवेदेवला सर्व्हिसभेदाची संधी मिळाली. ती साधली असती तर पुढच्या गेममध्ये तो विजेतेपदासाठी सर्व्हिस करीत असता. दबलेल्या दुसऱ्या सर्व्हिसनंतर आगासी, सवयीच्या विरुद्ध, जाळ्याकडे धावला आणि तो गुण त्याने जिंकला. तेथून सामना फिरला: १-६, २-६, ६-४, ६-३, ६-४.

चारही ग्रँड स्लॅम कारकिर्दीत कधी ना कधी जिंकणारे पुरुष त्याआधी फक्त चार होते: फ्रेड पेरी, डॉन बज, रॉय इमर्सन आणि रॉड लेव्हर. परंतु त्या चौघांच्या काळी पॅरिसची लाल माती वगळता उरलेल्या तिन्ही स्पर्धा हिरवळीवर होत असत. अमेरिकन स्पर्धेने १९७५ मध्ये हिरवळ सोडली आणि १९७८ पासून ती सिमेंटसारख्या कठीण पृष्ठभागावर होऊ लागली, ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८८ मध्ये तशाच पृष्ठभागावर आली. चेंडू सरपटवणारी हिरवळ, त्याला संथ करून उंच उसळवणारी माती आणि दोहोंमधला हार्ड कोर्ट अशा तीन वेगळ्या पृष्ठभागांवर हा विक्रम करणारा आगासी पहिला. त्यानंतर महिन्याभरात तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचला, सप्टेंबरमध्ये अमेरिकन आणि जानेवारी २००० मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा त्याने जिंकली. सलग चार ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी लेव्हरच्या १९६९नंतर कोणी गाठली नव्हती.

पंचविसाव्या वर्षापर्यंत तीन आणि एकोणतीस पूर्ण झाल्यावर पाच अशी त्याच्या आठ ग्रँड स्लॅमची विभागणी आहे. त्यांतली शेवटची चार म्हणजे आधी सांगितलेली अमेरिकन (१९९९) व ऑस्ट्रेलियन (२०००), आणि ऑस्ट्रेलियातच २००१ व २००३ मधली दोन. २००२ मध्ये नवे प्रशिक्षक डॅरेन केहिल यांच्या आग्रहावरून त्याने रॅकेटला पॉलिस्टरच्या तारा लावल्या, ज्या चेंडूला अधिक फिरकी देतात आणि त्यामुळे पूर्ण ताकदीने मारलेला फटकाही रेषेच्या आत पडतो. लगेच त्याने रोमची स्पर्धा जिंकली. २००३ मध्ये तेहतिसाव्या वर्षी तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर होता आणि सर्वांत वयस्क अव्वल खेळाडूचा हा विक्रम २०१८ मध्ये रॉजर फेडररने मोडेपर्यंत त्याच्याकडे राहिला.

लवकर आलेले यश आणि पडझड यांची गाठ केवळ एका व्यक्तीच्या स्वभावाशी नसते, हे त्याच काळातील जेनिफर कॅप्रिआतीच्या उदाहरणावरून कळते. ती मार्च १९९० मध्ये चौदावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली, सोळाव्या वर्षी बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली, आणि १९९३च्या अमेरिकन स्पर्धेत पहिल्या फेरीत हरल्यावर मैदानावरून नाहीशी झाली. १९९४ मध्ये गांजा बाळगल्याच्या आरोपावरून झालेल्या अटकेनंतरचे तिचे छायाचित्र जगभर छापले गेले. आगासीच्या गुन्ह्याला मिळालेला काळोख तिच्या वाट्याला आला नाही. महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांवर वयानुसार मर्यादा घातली, आणि त्या बदलाशी कॅप्रिआतीचे नाव कायमचे जोडले गेले. तिने २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशा दोन्ही स्पर्धा जिंकून त्या ऑक्टोबरात पहिला क्रमांक मिळवला. पॅरिसच्या अंतिम फेरीत किम क्लायस्टर्सविरुद्धचा शेवटचा सेट १२-१० असा संपला. तत्पूर्वी, १९९९ मध्ये, भूतकाळाविषयीच्या प्रश्नांना कंटाळून तिने पत्रकारांपुढे एक लेखी निवेदन वाचून दाखवले होते. आगासीने त्याच ओझ्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिले.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘ओपन’ हे ते आत्मचरित्र. त्याचे शब्दांकन पुलित्झर पुरस्कारविजेते पत्रकार जे. आर. मोरिंगर यांनी केले, पण मुखपृष्ठावर आपले नाव नको असे त्यांनीच सुचवले. आपण टेनिसचा द्वेष करत आलो, हे पुस्तकाचे सर्वांत गाजलेले विधान. ते अप्रामाणिक आहे असे नाही. मात्र पुस्तक जवळपास सर्वत्र वर्तमानकाळात लिहिलेले असल्याने सात वर्षांच्या मुलाच्या तोंडी आलेले विचार एकोणचाळीस वर्षांच्या माणसाचे आहेत, हे वाचकाच्या ध्यानात राहत नाही. मोरिंगर निष्णात कथाकार आहेत, आणि विखुरलेल्या आठवणींना आकार देणे हे कथाकाराचे कामच असते. वडिलांचे ‘द आगासी स्टोरी’ हे पुस्तक २००४ मध्येच आले होते आणि त्यात हेच अंगण दुसऱ्या बाजूने दिसते. ज्याला खेळाचा केवळ द्वेष वाटतो असा श्रीमंत माणूस १९९७ मध्ये निवृत्त झाला असता. आगासी त्यानंतर नऊ वर्षे खेळला. जन्मजात मणक्याच्या दोषाने, ज्यात एक मणका खालच्या मणक्यावरून सरकतो, अखेरच्या काळात त्याला वेदनाशामक इंजेक्शने घेऊन उतरावे लागे. तशा अवस्थेत त्याने २००६च्या अमेरिकन स्पर्धेत मार्कोस बागदातिसला पाच सेटमध्ये हरवले आणि पुढच्या फेरीत बेंजामिन बेकरकडून हरून तो थांबला.

राहता राहतो दहा लाख चेंडूंचा प्रश्न. आगासीच्या उत्तरायुष्यातील प्रत्येक विजयात त्या अंगणात घडलेले हात आणि डोळे होते, आणि त्यामुळे वडिलांचा हिशेब शेवटी बरोबर निघाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण त्या घरात मुले चार होती, आणि तेच स्वप्न घेऊन वडिलांनी थोरल्या मुलांनाही त्याच मैदानावर उभे केले होते. त्यांच्यापैकी कोणी क्रमवारीच्या माथ्यावर पोहोचले नाही, आणि त्यांच्या वाट्याच्या चेंडूंचा हिशेब कोठेही छापला गेलेला नाही.